निर्ण्याकडे कललेलं विमान

परवा कॉलेजातून घरी आले, अंगातला स्वेटर डोक्यावरून ओढून काढला आणि केसांत चटचट आवाज झाला. आमच्याकडे थंडी कोरडी पडल्याची ही पहिली खूण. मग बाकीच्या गोष्टी एकेक करून येतात. कंगवा केसांना ओढायला लागतो, दाराच्या कडीला बोट लावलं की झिणझिणी बसते, ओठ उलतात आणि चिटगुप्प्याच्या बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग दिसू लागतात. शेवटी कुणीतरी विचारतं, "यंदा वेळ अमावास्या कधी हाय?" या वर्षी ते आईनं विचारलं, फोनवर. मी कॅलेंडरपाशी जायच्या आधीच माझ्या पोटात गोळा आला. सणाचं नाव ऐकून पोटात गोळा येणारी या मुलखात मी एकटीच असेन.

हा सण ज्यांच्या वाट्याला आलेला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. मार्गशीर्षाच्या अमावास्येला बिदर, कलबुर्गी, उदगीर, लातूर या पट्ट्यातली गावं ओस पडतात. घरांना कुलपं लागतात आणि माणसं शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून छोटी कोप बांधायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा करायची आणि मग जेवायचं. ताकातली आंबट आंबील, मिळतील त्या सगळ्या शेंगांची आणि पाल्याची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. या जेवणाला एकच कायदा असतो. वाटेनं जाणारं कुणीही असो, त्याला हाक मारून बसवायचं, आणि त्यानंही पोट भरलंय अशी सबब सांगायची नाही. हा कायदा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यानंच केला.

आमच्या कोपीत दगड नसतात. आजोबांच्या पिढीत आमचं घर बौद्ध झालं, पूजा सुटली, शेत काही सुटलं नाही. मग आपण कशाला जायचं, असं मी लहानपणी आईला विचारलं होतं. भाकरीचं पीठ मळता मळता ती म्हणाली, "शेताला भेटायला कामून कुणाला इच्यारायचं? वरीसभर तेनं आपल्याला जेवू घातलंय, एक दिवस आपण तितं जाऊन जेवायचं." एवढ्यावर विषय मिटला. आमच्या धुऱ्याला लागून शिवण्णाचं शेत आहे. शिवण्णा घरात कन्नड बोलतो, आमच्याशी मराठी, आणि चिडला की हैदराबादी उर्दू. त्याच्या कोपीत पाच दगड, आमच्या कोपीत चटई आणि पाण्याची घागर. भज्जी मात्र दोन्हीकडची दोन्हीकडे जाते, आणि कुणाची चांगली झाली यावरून पुढे वर्षभर टोमणे चालतात.

मी म्हणते ती थंडी तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा दादा घरी होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ मिलिंद. विमानं दुरुस्त करण्याच्या एका कारखान्यात तो हैदराबादला बरीच वर्षं कामाला होता. आम्ही लहान असताना बिदरकडच्या आभाळात सरावाची विमानं घिरट्या घालायची. मी कानांवर हात ठेवून आत पळायची आणि हा अंगणात उभा राहून मान मोडेस्तोवर वर बघायचा. वडील म्हणायचे, या पोराची हनुवटी वरच चिकटणार एक दिवस. वडील गेले, पोरगा खरंच विमानांत गेला, आणि मग एका तापात त्याचा डावा कान आतून निकामी झाला. ऐकू कमी आलं असतं तर चाललं असतं. पण तोल सांभाळणारा भाग कानातच असतो, तोच गेला. मान वर केली की सगळं जग त्याच्याभोवती फिरायचं आणि तो असेल तिथे कोसळायचा. शिडीवर चढून विमानाच्या पोटात डोकं घालणाऱ्या माणसाचं काम तिथेच संपलं.

कलबुर्गीच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. माणूस तीन गोष्टींच्या आधारानं उभा राहतो, कान, डोळे आणि जमिनीला टेकलेलं अंग. एक गेलं की उरलेली दोन हळूहळू शिकतात, धीर धरायचा. दादानं एक गेलं एवढंच ऐकलं. घरी आला तो भिंतीला हात लावून चालायला लागला. आमच्या सोप्यातल्या भिंतीवर कमरेच्या वर एक मळकट पट्टा उमटला होता, स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत. अंगणात आला तरी खाली बघत यायचा, आणि वर विमानाचा आवाज आला की गुपचूप आत जायचा. भिंतीवरचा पट्टा मी सहन केला असता. त्याचं ते आत जाणं मला बघवायचं नाही.

एके दिवशी मी पेपर तपासत बसले होते, तर तो समोर येऊन बसला.

"सुजे, तू पोरांना शिकवतीस की, जिमिनीपासनं वर जाईल तसं हवेत व्होल्टेज वाढतंय म्हणून. खरं हाय का ते, का निस्तं पुस्तकात?"

मी पदार्थविज्ञान शिकवते. ते खरं आहे हे मला ठाऊक होतं, म्हणजे मास्तरांना जसं ठाऊक असतं तसं. हवा स्वच्छ असेल त्या दिवशी जमीन ऋण असते आणि वरचं आकाश धन. मधल्या हवेत दर मीटरला साधारण शंभर व्होल्टचा फरक असतो. तुरीच्या शेतात उभ्या असलेल्या बाईच्या पायाशी आणि डोक्याशीही तो असतो, पण हवेतून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून तिला काही कळत नाही. वर्षानुवर्षं मी हे फळ्यावर लिहिलं होतं आणि घंटा झाली की पुसलं होतं. त्याला धरून कुणी उभं राहू बघेल असं कधी मनातही आलं नाही.

दादाचं म्हणणं सोपं होतं. आपलं रान सपाट, उंच झाडं नाहीत, तारा नाहीत. इथे हे व्होल्टेज आडव्या थरांनी असणार, एकावर एक. विमानाचे पंख समपातळीत असले तर दोन्ही टोकं एकाच थरात. एक पंख खाली गेला की त्याचं टोक खालच्या थरात आणि दुसरं वरच्या. दोन्ही टोकांना आकाशाची वीज जोखणारी एकेक चकती लावायची, फरक दिसला की पंखाच्या पट्ट्या आपोआप हलतील आणि विमान स्वतःच सरळ होईल. परदेशात कुणी कुणी हे फार पूर्वी करून बघितलंय, असं त्यानं वाचलं होतं.

"त्यापेक्षा ती तोल सांभाळायची चिप आण की," मी म्हटलं. "पोरांच्या खेळण्यातल्या ड्रोनमध्ये पण असती आता. ती लाव अन् मोकळा हो."

"ती चिप म्हंजे कानच," दादा म्हणाला. "गरागरा फिरवलं की ती बी चुकती. कानावर इस्वास न्हाई मला आता."

मास्तरीण म्हणून माझ्याकडे याला उत्तर होतं. बहीण म्हणून मी पेपर बाजूला सारले आणि कामट्या कुठून आणायच्या ते विचारलं.

मग ती थंडी आमच्या घरात विजेचीच झाली. सोप्यात थर्माकोलचा भुगा, बांबूच्या कामट्या, कथिल वितळल्याचा तो तिखट वास. दोन्ही हात पसरले तर जेवढं होईल तेवढं रुंद विमान. पंखांच्या टोकांना पत्र्याच्या चकत्या, त्यांच्यावर भिरभिरणारी छोटी पाती, चकतीला आकाश क्षणभर दाखवणारी आणि क्षणभर झाकणारी. विमान छताला दोरीनं टांगलेलं असायचं आणि दादा माझ्याच केसांवर कंगवा घासून तो एका टोकाजवळ न्यायचा. लगेच दोन्ही पंखांवरच्या पट्ट्या हलायच्या, एक वर, एक खाली. मी वैतागायची, माझे केस कशाला, तुझे घास की. "तुझे कोरडे हायेत," तो म्हणायचा. आईची लोकरीची शाल तर त्यानं घासघासून विरवली. तिनं पेटीतून दुसरी काढून दिली. कारण विमानाकडे बघायच्या नादात तो भिंत सोडून सोप्याच्या मधोमध उभा राहायला लागला होता, पाय फाकून, डुलत, पण उभा.

तेव्हाच एकदा तिनं विचारलं, "उडालं तर काय व्हतंय रे?"

"उडालं तर मी बाहीर," दादा म्हणाला. "शेतात येतो, कामाचं बी बघतो. न्हाई उडालं तर मात्र मला पुन्यांदा बाहीर चल म्हणू नकोस आई. तुझ्या पाया पडतो, म्हणू नकोस."

आई शेंगा सोलत होती. तिनं दाणे टरफलांच्या ढिगात टाकले आणि टरफल पातेल्यात. त्या दिवसापासून मी त्या थर्माकोलच्या सांगाड्याकडे हसून बघू शकले नाही. उडणार का नाही, एवढाच प्रश्न घरात फिरत होता आणि कुणी तो तोंडातून काढत नव्हतं.

पहिल्यांदा उडवलं ते वाईट झालं. दादाला वर बघता येत नव्हतं, म्हणून त्यानं एक तोड काढली होती. ऊन असताना उडवायचं आणि जमिनीवरून पळणाऱ्या सावलीकडे बघत रिमोट चालवायचा. पंखांचा तोल आकाश बघेल, वळवायचं आणि चढवायचं-उतरवायचं काम तो सावलीवरून करेल. वर बघायची जबाबदारी माझी. मी विमान फेकलं, ते छान चढलं, आणि शिवण्णाच्या शेताच्या कडेला गेलं तसं एकाएकी पोट वर करून उलटं झालं आणि नाकावर आपटलं. शिवण्णाकडे तुरीची मळणी चालली होती. यंत्रातून भुसाचा पिवळा लोट वर जात होता. तो सुका भुसा घासला जाऊन इतका विद्युतभारित होतो की त्याच्याखाली आकाशाचं वर-खालीच उलटं होतं. विमान बिचारं इमानदारीनं उलटं झालं होतं. मोडलेला पंख मांडीवर घेऊन दादा धुऱ्यावर बसला. "म्हंजे त्येला बी चक्कर येती," तो म्हणाला, आणि नंतर दोन दिवस खोलीतून बाहेर आला नाही.

बाहेर आला तो वेळ अमावास्येचं नाव घेत. त्या दिवशी कुणी मळणी करत नाही. यंत्रं बंद, ट्रॅक्टर बंद, नांगर नाही, वखर नाही, सगळं रान गप्प. हवा कोरडी, आभाळ निरभ्र. वर्षातला सगळ्यात स्वच्छ दिवस तो. मलाही पटलं. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ज्या दिवशी अख्खा मुलूख शेतात जाऊन चुली पेटवतो, त्याला आपण स्वच्छ दिवस म्हणत होतो.

ठरलं होतं सकाळचं. दव वाळलं की उडवायचं, ऊन तिरपं असेल, सावली ठसठशीत. आम्ही पोचून कोप बांधतो न बांधतो तोच वाटेनं चिटगुप्प्याचे दोघेजण मोटारसायकलवरून चालले होते, आईनं त्यांना हाक मारली. ते जेवेपर्यंत शेजारच्या निर्णा गावाकडचे पाहुणे आले. ते उठले तर शिवण्णाची करजगीहून आलेली व्याही मंडळी, बायकापोरांसकट. "ऊटा आय्तेनरी?" म्हणत शिवण्णा प्रत्येकाला आमच्याकडे ढकलत होता, जेवलात का हे नुसतं विचारायला, उत्तर कुणाला हवं होतं! बसा, वाढा, अजून एक उंडा, आंबील तरी घ्याच. मी वाढता वाढता सूर्याकडे बघत होते. तो डोक्यावर आला, सावल्या आखडल्या, मग दुसऱ्या बाजूला लांबायला लागल्या. दादा कोपीला पाठ लावून बसला होता, मांडीवर रिमोट, नजर खाली. प्रत्येक नव्या पाहुण्याला रामराम, नमस्कार, जयभीम काय असेल ते म्हणत होता आणि रिमोटची काडी उगाच मागेपुढे करत होता. पाहुण्यांना उठा कसं म्हणणार? आमच्याकडे माणूस मेलं तरी जेवणाऱ्याला उठवत नाहीत.

सगळे रिकामे झाले तेव्हा ऊन तांबूस झालं होतं.

"आज राहू दे दादा," मी म्हटलं.

"उद्या मळणी सुरू. परवा बी मळणी. मग धुरळा. आज न्हाई तर पुढल्या वरसाला." तो उठून उभा राहिला होता. "पुढल्या वरसापतोर मला थांबवंल का गं, सांग की."

मला नाही म्हणता आलं नाही. शेतांत सगळीकडे माणसं होती, कोपी होत्या, पोरं धावत होती, आणि नाकावर पंखा फिरणारं ते धूड त्यांच्या डोक्यावरून जाणार होतं. तुरीचं काढणी झालेलं रान आमच्या पायाखाली, कापलेल्या खोडांचे खुंट सगळीकडे, बोटभर उंच आणि खिळ्यासारखे टोकदार. पलीकडे ओढ्यापर्यंत हरभऱ्याचा हिरवा पट्टा. ठरलं की उतरवायचं हरभऱ्यात, तिथे मऊ आहे. मी विमान डोक्यावर धरून चार पावलं पळाले आणि फेकलं.

ते चढलं. काय सुंदर चढलं! एक पंख जरा खाली झुकायचा, लगेच सावरायचा, कुणी सांगितल्याशिवाय. वाऱ्याची झुळूक आली, ते डुललं आणि पुन्हा सरळ झालं. मी ओरडत होते, "सरळ हाय दादा, एकदम सरळ हाय!" आई पदर तोंडावर धरून उभी होती. दादा खाली बघत, पाय रोवून, सावलीबरोबर मान हळूहळू वळवत होता आणि हसत होता. तसं हसताना मी त्याला वर्षभरात पाहिलं नव्हतं. शंभर व्होल्टच्या त्या न दिसणाऱ्या थरांवर माझ्या भावाचं विमान चाललं होतं, आणि मी पहिल्यांदा मला शिकवता येणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवला.

मग सावली गेली. सूर्य इतका खाली उतरला होता की विमान जरा वर जाताच त्याची सावली लांब कुठेतरी करडईत पळाली आणि दिसेनाशी झाली.

"सुजे, सावली कुटं हाय?"

"गेली. वळव त्याला. हिकडं वळव."

त्यानं अंदाजानं वळवलं. आणि त्याच वेळी शिवण्णाच्या शेतात आरोळी उठली. दिवस बुडताना कडब्याची पेंढी पेटवायची आणि ती घेऊन आरोळ्या देत उभ्या पिकाभोवती पळायचं, हा या सणाचा शेवटचा भाग. एका शेतात पेटली की शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. बघता बघता सगळ्या रानात जाळ पळायला लागले, आणि थंडीच्या संध्याकाळी धूर वर जात नाही तसा तो गेला नाही, पसरला, शेतांवर आडवा झाला.

विमान त्या धुरावर आलं आणि कललं. मला वाटलं आता सावरेल. ते सावरलं नाही, कललेलंच राहिलं, जणू तिरपं असणं हेच त्याला सरळ वाटत होतं. धुराच्या कणांनी तिथली विजेची पातळीच वाकवली होती. एका पंखावर झुकून ते गोल फिरायला लागलं, प्रत्येक फेरीला खाली, आणि खाली शिवण्णाची कोप होती. करजगीच्या बायका तिथे सणाच्या रीतीप्रमाणे चुलीवर दूध उतू घालत बसल्या होत्या.

"दादा, कललंय! उजवीकडं!"

"कुणाच्या उजवीकडं? तुझ्या का त्येच्या?"

विमान आमच्याकडे तोंड करून येत होतं. माझं उजवं ते त्याचं डावं. पुढच्या क्षणाला ते पाठमोरं झालं आणि सगळं उलटं. तोंडातून आलं ते आमच्याकडे वाट सांगताना येतं तेच.

"निर्ण्याकडं! निर्ण्याकडं कललंय!"

निर्णा कुठे आहे हे दादाला डोळे मिटूनही ठाऊक होतं. त्यानं खटकन एक बटण दाबलं, म्हणजे आकाशाचं काम बंद केलं, आणि काडी दुसरीकडे ढकलली. विमान झटका घेऊन उठलं. "आता चिटगुप्प्याकडं, लई झालं, लई झालं! आता ओढ्याकडं!" मी गावं ओरडत होते आणि तो खाली मान घालून विमान त्या त्या गावाकडे झुकवत होता. पण माझी जीभ विमानाच्या मागे पडत होती. मी गाव म्हणेपर्यंत ते दुसऱ्याच गावाकडे झुकलेलं असायचं. ते कोपीच्या इतकं वर आलं की खालच्या पोरांनी माना आत घेतल्या.

आणि माझ्या शेजारी धप्प आवाज झाला. दादा पडला होता.

आई किंचाळली. तो उताणा पडला होता, खुंटांवर, आणि मी त्याला उठवायला वाकले तर तो ओरडला.

"हात लावू नको! उठवू नको मला! खांदे दाब. खाली दाब, जोरात!"

मला कळलं नाही, पण मी गुडघे टेकले आणि त्याचे दोन्ही खांदे मातीत दाबले. तेव्हा दिसलं की त्याचे डोळे उघडे आहेत. रिमोट छातीवर आहे. तो वर बघत होता. वर्षभरात पहिल्यांदा तो सरळ वर, आभाळात बघत होता, आणि त्याची बुबुळं थरथरत होती, पण फिरत नव्हती. पाठ, डोकं, टाचा, सगळं अंग जमिनीला टेकलेलं होतं.

"दिसायलंय," तो म्हणाला. "सुजे, दिसायलंय गं मला. सोडू नको."

मी सोडलं नाही. माझं तोंड मातीकडे होतं, पुढचं मी पाहिलेलंच नाही. विमानाच्या मोटारीचा आवाज डोक्यावरून गेला, दूर गेला, परत आला, बारीक झाला. मग हरभऱ्याच्या बाजूनं पाला घासल्यासारखा लांबलचक आवाज आला आणि सगळं थांबलं. शिवण्णा जळती पेंढी हातात घेऊनच पळत आला, "येन आय्तु, येन आय्तु?" करत. काय झालं हे त्याला कुणी सांगेना. आई दादाच्या उशाशी बसली होती आणि तिचे हात त्याच्या तोंडावरून फिरत होते.

"उठ की आता," मी म्हटलं. मला रडू फुटलं होतं.

"थांब की जरा. बगळे जायलेत," दादा म्हणाला. आम्ही वर बघितलं. बगळ्यांची माळ ओढ्याकडे चालली होती. ती दिसेनाशी होईस्तोवर तो उठला नाही. उठवला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. खुंटांनी पाठ जागोजागी फोडली होती आणि आई हळद दाबत घरापर्यंत पुटपुटत होती, "पडायचंच व्हतं तर हरभऱ्यात पडायचं."

आता दादा चिटगुप्प्यात फवारणीचे ड्रोन दुरुस्त करतो. त्या ड्रोनांत तीच चिप असते, आणि "कान बसवायलास का?" असं विचारलं की तो मला दुकानातून हाकलतो. अंधारात अजून भिंतीला हात लावतो. खांबाला धरून उभा असेल तर थोडं वर बघतो. विमान मात्र वर्षातून एकदाच, त्याच दिवशी. आता आई कायदा बदलून बसली आहे, आधी विमान, मग आंबील, पाहुण्यानं ताटकळत राहावं. पंखांच्या चकत्या अजून आहेत. आकाश नीट असेल तोवर आकाश सांभाळतं, आणि पहिल्या झुकावाला दादा आडवा होतो.

तरी माझ्या पोटातला गोळा जात नाही. त्या धप्प आवाजाचा आहे तो.

या रविवारी मी शेतावर गेले, कडबा किती लागेल बघायला. तूर काढून झाली होती. लांबूनच मला आई दिसली. काळ्या रानाच्या मधोमध ती उताणी पडली होती, हात अंगासरशी, पदर बाजूला, हलत नव्हती. मी चप्पल तिथेच टाकून पळत सुटले. खुंट पायांत घुसत होते ते नंतर कळलं.

"आई! आई, काय झालं?"

तिनं डोळे माझ्याकडे वळवले. शेजारी खुरपं होतं, आणि उपटलेल्या खुंटांचा ढीग. ती निजली होती तेवढी जमीन भुसभुशीत, साफ, माणूसभर लांब.

"वरडायलीस कामून? टोचतंय का बघायलेय," ती म्हणाली. "हितं निजतंय की त्यो."

मग ती जराशी कुशीवर झाली, पाठीखाली हात घातला आणि मातीतून एक खुंट उपसून काढला.

"हे एक ऱ्हायलं व्हतं बघ."